करण ते प्रयोज्य कर्ता : संगणक-नियंत्रणाच्या इतिहासातील एक स्थित्यंतर

पाणिनीने कर्त्याची संज्ञा स्वातंत्र्यावर आधारली आणि त्या कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्यास ‘हेतु’ ही आणखी एक संज्ञा देऊन त्याचेही कर्तृत्व मान्य केले. ‘शिक्षक विद्यार्थ्याकडून पत्र लिहवितो’ या वाक्यात शिक्षक हा प्रयोजक कर्ता, विद्यार्थी हा प्रयोज्य कर्ता. लेखणी मात्र केवळ करण होय. संगणकाचे स्थान दीर्घकाळ या लेखणीच्या पंक्तीत होते. ते विद्यार्थ्याच्या जागी कसे आले, हे पाहणे भाषाभ्यासकास उद्बोधक ठरेल.

या स्थित्यंतराच्या आरंभी दोन भिन्न प्रवाह दिसतात. 9 डिसेंबर 1968 रोजी डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे माउसचे जाहीर प्रात्यक्षिक केले. येथे वापरणाऱ्याने बोलावयाचे नव्हते, दाखवावयाचे होते. त्याच सुमारास, 1968 ते 1970 या काळात, एमआयटीमध्ये टेरी विनोग्राड यांनी ‘श्रडलू’ ही आज्ञावली रचली. पडद्यावरील काल्पनिक ठोकळे इंग्रजी वाक्यांच्या आज्ञेने हलविणे, हे तिचे कार्य. तिचे भाषाज्ञान त्या ठोकळ्यांच्या विश्वापलीकडे जात नसे. 1980 मध्ये रिचर्ड बोल्ट यांनी एमआयटीतच दोहोंचा संयोग साधला. वापरणारा ‘ते तिथे ठेव’ असे म्हणे आणि ‘ते’ व ‘तिथे’ या दर्शक शब्दांचा अर्थ त्याच्या हाताच्या रोखावरून निश्चित होई.

पुढील काळात माउस व चित्ररूप पडदा यांचा प्रसार झाला आणि निर्देशाने आज्ञेवर मात केली. तथापि एक घटना येथे विशेष नोंदण्याजोगी आहे. दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलींना साहाय्य व्हावे म्हणून 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये एक व्यवस्था आणली. तिच्या योगे पडद्यावरील प्रत्येक बटणाचे नाव व कार्य अन्य आज्ञावलीस कळू लागले. डोळ्यांसाठी रचलेला पडदा अशा रीतीने पुन्हा शब्दांत सांगता येऊ लागला. माणसासाठी उघडलेली ही वाट पुढे यंत्रासही उपयोगी पडली.

22 ऑक्टोबर 2024 रोजी अँथ्रॉपिक या संस्थेने आपल्या ‘क्लॉड’ या भाषा-प्रतिमानास संगणक चालविण्याची क्षमता प्रायोगिक स्वरूपात दिली. प्रतिमान पडद्याचे चित्र पाहते, कोठे टिचकी मारावयाची ते ठरविते, आणि परिणाम पाहण्यासाठी पुन्हा चित्र मागविते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘ओएसवर्ल्ड’ या 369 कार्यांच्या कसोटीत माणसांनी सुमारे 72 टक्के कार्ये पार पाडली होती. त्या वेळच्या सर्वोत्तम प्रतिमानास मात्र सुमारे 12 टक्केच साधली. नोव्हेंबर 2024 मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत प्रसिद्ध झाला, आणि अशी साधने साहाय्यकास जोडण्याची एक समान रीत मिळाली.

या जोडणीचे स्वरूप भाषिक आहे. साधन आपले नाव, आपल्या कार्याचे गद्य वर्णन आणि अपेक्षित माहितीचा आकार साहाय्यकापुढे ठेवते. त्या वर्णनावरूनच साहाय्यक त्याचा उपयोग ठरवितो. वर्णन संदिग्ध असल्यास कृतीही चुकते. परंतु केवळ वर्णन पुरत नाही. मॅक संगणकावर पडद्याचे चित्र घेणे आणि माउस व कळफलक चालविणे, या दोहोंसाठी वापरणाऱ्याने स्वहस्ते पृथक् परवानगी द्यावी लागते.

ही परवानगी म्हणजे निव्वळ उपचार नव्हे. साहाय्यकाच्या दृष्टीने मालकाची आज्ञा आणि पडद्यावर वाचलेला मजकूर, दोन्ही शब्दच असतात. एखाद्या परक्या पत्रात ‘ही सर्व कागदपत्रे अमुक पत्त्यावर पाठवा’ असे आज्ञार्थी वाक्य दडलेले असेल, तर ते वाचावयाचे की पाळावयाचे? ऑस्टिन यांच्या 1962 मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी दाखविले की, उक्तीची सिद्धी वक्त्याच्या अधिकारावरही अवलंबून असते. क्रियापदाचे रूप आज्ञार्थी आहे एवढ्याने आज्ञा सिद्ध होत नाही. हा भेद प्रतिमानास अद्याप निर्दोषपणे करता येत नाही. म्हणून मर्यादित परवानगी, स्वतंत्र खाते, आणि पैसे देणे वा मजकूर पुसणे यांसारख्या कृतींपूर्वी माणसाची संमती ही पथ्ये आवश्यक ठरतात.

सारांश, यंत्र प्रयोज्य कर्ता झाले म्हणून प्रयोजकाचे कर्तृत्व लोपत नाही. पत्र विद्यार्थ्याने लिहिले तरी ते लिहविणारा शिक्षकच असतो, आणि त्यातील मजकुराचे उत्तरदायित्वही त्याच्याकडेच राहते.