दोष बॅटरीचा की जोडाचा?

खारघरला लागून असलेल्या तळोजा औद्योगिक वसाहतीत शिसे-आम्ल बॅटऱ्यांचा कारखाना आहे. मूळचा स्टँडर्ड बॅटरीजचा हा कारखाना १९९८ मध्ये एक्साइडकडे गेला. याच परिसरात पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी गाडी सुरू झाली नाही, की पहिला आरोप बॅटरीवर येतो आणि काही हजारांची नवी बॅटरी बसते. आरोप खरा की खोटा, हे ठरवण्याचे तत्त्व मात्र मोटारगाडीहूनही जुने आहे.

बॅटरीचा जन्म १८५९ चा. फ्रान्सच्या गास्ताँ प्लान्ते यांनी शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भारता येणारी बॅटरी घडवली. आजही शिसे तेच, आम्ल तेच. एका घराचे सुमारे २.१ व्होल्ट, सहा घरे मिळून पूर्ण भारलेल्या बॅटरीचे १२.६.

१९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला. हँडल मारताना मनगट मोडण्याचे भय गेले. पण स्टार्टर क्षणभर शंभर-दोनशे अँपिअर ओढतो, आणि तो सारा प्रवाह बॅटरीच्या दोन क्लॅम्पांतून जातो. इतिहासाच्या पुस्तकांत केटरिंग भेटतात, क्लॅम्पचा नट भेटत नाही.

येथे गेओर्ग ओम कामी येतात. या जर्मन शिक्षकाने १८२७ मध्ये प्रवाह, रोध आणि दाब यांचे नाते मांडले. मायदेशी त्याचे स्वागत थंडच झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीचे कोपली पदक मिळाले ते १८४१ मध्ये. त्यांच्या नियमाने हिशेब करू: हिरवट-पांढरा थर चढलेल्या जोडाचा रोध अवघा ०.०१ ओहम असला, तरी १५० अँपिअरला तेथे दीड व्होल्ट खर्ची पडतात. प्रवाह थांबला की ही तूट नाहीशी होते. म्हणूनच बंद गाडीत मीटर निर्धास्तपणे १२.६ दाखवतो आणि किल्ली फिरवताच स्टार्टर नुसता ‘टक्’ करतो.

तेव्हा मोजणी स्टार्टर फिरत असतानाच करावी लागते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एकाने किल्ली फिरवावी. दुसऱ्याने व्होल्टमीटरची एक काडी बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्याच खुंटावरच्या क्लॅम्पवर टेकवावी. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला, तर चोर तिथेच आहे: जोड सोडून घासावा, घट्ट करावा. ऋण बाजूला खुंटापासून इंजिनाच्या धातूपर्यंतही मोजावे. अर्थिंगच्या पट्टीकडे सहसा कोणी पाहत नाही.

जोड स्वच्छ आहेत, बॅटरी पूर्ण भारलेली आहे, आणि तरीही स्टार्टर फिरताना दोन खुंटांमधला दाब ९.६ व्होल्टच्या खाली जातो, तर दोष बॅटरीचा.