‘मार्की’ खेळाडू : सदतिशीचे मोल

भारतीय फुटबॉलमध्ये ‘मार्की खेळाडू’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो २०१४ मध्ये, इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली तेव्हा. ज्याच्या नावावर तिकिटे खपतील आणि दूरचित्रवाणीसमोर प्रेक्षक बसेल असा एक जगद्विख्यात खेळाडू प्रत्येक संघाने आणावा, अशी त्यामागची योजना होती. त्याचे मानधन संघाच्या वेतनमर्यादेबाहेर धरले जाई. या योजनेतून मुंबई, पुणे आणि गोव्यात जे नामवंत उतरले, त्यांतील बहुतेक कारकिर्दीच्या उताराला लागलेले होते आणि त्या वेळी कोणत्याही क्लबशी बांधलेले नव्हते. ‘फुकट मिळालेला म्हातारा खेळाडू स्वस्त की महाग’ हा फुटबॉलच्या चाहत्यांत जगभर रंगणारा वाद महाराष्ट्रात आला तो याच वाटेने.

करार संपलेल्या खेळाडूला ‘करारमुक्त खेळाडू’ म्हणतात. त्याचा इतिहास बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोसमन या खेळाडूपासून सुरू होतो. करार संपल्यावरही जुना क्लब हस्तांतर शुल्काखेरीज त्याला सोडीना. तेव्हा तो न्यायालयात गेला. युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला आणि करार संपलेल्या खेळाडूला शुल्काविना नव्या क्लबकडे जाण्याची वाट मोकळी झाली. पुढे फिफाच्या नियमांनुसार कराराच्या अखेरच्या सहा महिन्यांत खेळाडूला नव्या क्लबशी बोलणी करता येऊ लागली. नोंदणीची मुदत संपल्यानंतरही, त्यापूर्वीच करारमुक्त झालेल्या खेळाडूची नोंदणी करता येते. हंगामाच्या मध्यावर अडचणीत सापडलेल्या क्लबांना हा मोठा आधार असतो.

अशा खेळाडूवर शुल्क पडत नाही, म्हणून चाहते त्याला ‘फुकटात आलेला’ म्हणतात. हिशेब मात्र तसा नसतो. जुन्या क्लबला द्यावे न लागलेले पैसे खेळाडू आणि त्याचा प्रतिनिधी स्वतःसाठी मागतात. करारावर सही करतानाची रक्कम वाढते, मासिक मानधन वाढते. शिवाय शुल्क देऊन घेतलेला तरुण खेळाडू पुढे विकून काही रक्कम परत मिळवता येते. पस्तिशी ओलांडलेल्या खेळाडूवर खर्च केलेला पैसा मैदानातच वसूल करावा लागतो, किंवा मग तिकीट खिडकीवर.

आयएसएलचा पहिला हंगाम १२ ऑक्टोबर ते २० डिसेंबर २०१४, म्हणजे जेमतेम सत्तर दिवसांचा होता. उतारवयातील खेळाडूंना तो सोयीचा होता. मुंबई सिटीने स्वीडनच्या फ्रेडी ल्युंगबर्गला आणले. आर्सेनलच्या २००३-०४ च्या अपराजित संघातील हा मधल्या फळीचा खेळाडू. पण २०१२ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली होती. एफसी पुणे सिटीकडे आला डेव्हिड त्रेझेगे, १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघाचा आघाडीवीर. एफसी गोवाने त्याचा तेव्हाचा सहकारी रोबेर पिरेसला करारबद्ध केले. ल्युंगबर्ग ३७ वर्षांचा होता, त्रेझेगेने स्पर्धा सुरू असतानाच ३७ पूर्ण केली आणि पिरेस ४१ वर्षांचा झाला.

निकाल बोलके ठरले. दुखापतींनी बेजार ल्युंगबर्ग चार सामने खेळला आणि एकही गोल न करता परतला. त्रेझेगेच्या नावावर नऊ सामन्यांत दोन गोल लागले. १८ ऑक्टोबर २०१४ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबईने पुण्याचा ५-० असा धुव्वा उडवला. स्पर्धेच्या इतिहासातील पहिली हॅटट्रिक त्या सामन्यात नोंदली गेली ती ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झच्या नावावर. वय अवघे २८, आणि त्याला पाहायला म्हणून कोणी तिकीट काढले असेल असे वाटत नाही.

त्या हंगामानंतर चाहत्यांत उघड दोन तट पडले. ही पेन्शनरांची स्पर्धा आहे, त्या पैशात दोन तरतरीत परदेशी खेळाडू आले असते, असे एका तटाचे म्हणणे. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की ही नावे नसती तर स्टेडियमकडे फिरकले कोण असते? हा प्रश्नही पोकळ नव्हता. महिंद्र युनायटेडसारखा नावाजलेला मुंबईकर क्लब २०१० मध्ये बंद झाला, तेव्हा शहराने फारशी हळहळ व्यक्त केली नाही. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता ठरला, तरी त्याचे नाव शहराबाहेर फारसे पोहोचले नाही. शिवाय प्रेक्षक केवळ स्टेडियममधला नव्हता. जालना जिल्ह्यातील राजूर गणपतीच्या गावापासून बालेवाडीचे मैदान सुमारे तीनशे किलोमीटर दूर. मराठवाड्याला स्वतःचा संघ नव्हता. अशा ठिकाणच्या प्रेक्षकाला पडद्यावर एक तरी ओळखीचे नाव दिसावे, हे मार्की खेळाडूच्या मानधनात धरलेले एक कामच होते. गोल करणे हे दुसरे काम. वाद घालणारे एका कामाचा मोबदला दुसऱ्याच्या खात्यात मांडत, आणि क्लबचालकही अनेकदा तेच करीत.

केवळ वयाला दोष द्यावा, तर पुढची उदाहरणे आड येतात. २०१५ मध्ये गोव्याने ब्राझीलच्या २००२ च्या विश्वविजेत्या संघातील बचावपटू लुसिओला आणले. त्याचेही वय ३७. झिको यांच्या मार्गदर्शनाखाली तो संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि फातोर्ड्याच्या मैदानावर अखेरच्या क्षणांत हातातला सामना चेन्नईयिनकडे २-३ असा घालवून बसला. पुढच्या वर्षी मुंबईने २०१० च्या विश्वचषकातील सर्वोत्तम खेळाडू, उरुग्वेचा दिएगो फोर्लान आणला. तोही सदतिशीचाच. त्याने पाच गोल केले, त्यांतील तीन केरळ ब्लास्टर्सवरील ५-० च्या विजयात. आणि पहिल्या दोन हंगामांत सातवा व सहावा राहिलेला मुंबईचा संघ साखळीत अव्वल ठरला. उपांत्य फेरीच्या पहिल्या लढतीत मात्र त्याला लाल कार्ड मिळाले, परतीच्या सामन्यात तो बाहेर बसला आणि मुंबईची मजल तिथेच संपली.

भारतीय खेळाडूंचा भाव ठरू लागला तो २०१५ च्या लिलावात. १० जुलै रोजी मुंबईत झालेल्या या लिलावात मुंबई सिटीने सुनील छेत्रीसाठी १ कोटी २० लाख रुपये, तर पुण्याने युजिनसन लिंगडोहसाठी १ कोटी ५ लाख रुपये मोजले. तिशीत आलेल्या छेत्रीवर एवढा खर्च कशाला, असेही तेव्हा विचारले गेले. त्याच मोसमात त्याने नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध हॅटट्रिक केली. आयएसएलमध्ये अशी कामगिरी करणारा तो पहिला भारतीय. चाळिशी गाठल्यावर २०२४-२५ च्या हंगामात बंगळुरूसाठी त्याने १४ गोल केले, तेव्हा तो प्रश्न विचारणारे कुठे होते कोण जाणे!

पुण्याची कथा अधिक खडतर आहे. त्रेझेगेनंतर २०१५ मध्ये रुमानियाचा आद्रियान मुतू आला. २०१६ साठी आइसलँडच्या एदूर गुड्जॉनसनशी करार झाला, पण दुखापतीमुळे तो खेळूच शकला नाही आणि त्याच्या जागी मालीचा मोहम्मद सिसोको आला. दरवर्षी नवे नाव, नवी जाहिरात. आणि संघ सहावा, सातवा, पुन्हा सहावा. २०१७-१८ मध्ये स्पर्धा चार महिन्यांची झाली. मार्की खेळाडूची सक्ती राहिली नाही आणि मैदानावर किमान सहा भारतीय असावेत असा नियम आला. त्या हंगामात पुण्याने मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो यांच्यावर भिस्त ठेवली. दोघेही जगाच्या दृष्टीने अनोळखी, पण या स्पर्धेत आधी खेळून गेलेले. इथला उकाडा, प्रवास, मैदाने पाहिलेले. मार्सेलिन्हो तर २०१६ चा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू होता. दोघांनी मिळून १७ गोल केले आणि पुणे पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचले. ११ मार्च २०१८ रोजी बंगळुरूत त्यांचा ३-१ असा पराभव झाला. तिन्ही गोल छेत्रीचे.

नावाऐवजी इथली कामगिरी पाहून खेळाडू घेण्याची रीत पुढे मुंबईने नेटाने चालवली. २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने या क्लबचा मोठा हिस्सा घेतला. त्यानंतरच्या वर्षी गोव्याचे माजी प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबईत आले आणि त्यांच्यापाठोपाठ अहमद जाहू, मुर्तदा फाल, ह्युगो बुमूस आणि पहिल्या हंगामापासून गोव्याकडून खेळलेला मंदार राव देसाईही. बुमूससाठी मुंबईने शुल्क मोजले; मंदारचा करार संपला होता. साखळीत नुकतेच अव्वल ठरलेल्या गोव्याच्या चाहत्यांना हे फार झोंबले. कोविडमुळे तो सबंध हंगाम गोव्यातच, रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. उपांत्य फेरीत मुंबईने गोव्यालाच पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले आणि १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यातच एटीके मोहन बागानवर २-१ अशी मात करून विजेतेपद मिळवले.

या विजेत्या संघात नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे होता. त्याने आठ गोल केले होते. छत्तिशीच्या या खेळाडूला मुंबईने हंगाम संपल्यावर जाऊ दिले. त्या वेळी कुणाला यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते, कारण वय उघड दिसत होते. तो गेला हैदराबाद एफसीकडे. हा क्लब २०१९ मध्ये स्थापन झाला, तो बंद पडलेल्या पुणे सिटीची जागा घेऊन. २०२१-२२ च्या हंगामात, वयाच्या ३७ व्या वर्षी, ओगबेचेने १८ गोल केले, सर्वाधिक गोलांचा मान पटकावला आणि २० मार्च २०२२ रोजी हैदराबादने केरळला शूटआउटमध्ये हरवून विजेतेपद जिंकले. पुण्याच्या जागेवरील संघाने चषक उंचावला तेव्हा बालेवाडीत आयएसएलचा सामना होऊन दोन वर्षे लोटली होती. २०२५ मध्ये तो संघ हैदराबादहूनही हलला आणि दिल्लीला गेला.