पाणी आधी कोणाच्या बांधीत?

सप्टेंबरअखेर पावसानं दडी मारली की भंडारा जिल्ह्यातल्या तलावांच्या पाळीवर वर्दळ वाढते. धान पोटरीत आलेलं असतं, लोंब बाहेर पडायच्या बेतात असते आणि नेमकी तेव्हाच बांधी, म्हणजे धानाचं खाचर, कोरडी पडली तर दाणा भरत नाही. तलावात पाणी असतं. पण मोरी एक आणि मागणारे सगळे. हे तलाव कोणी बांधले हे इथं बहुतेकांना ठाऊक आहे. पाणी कोणत्या क्रमानं सुटायचं, याची कहाणी मात्र कमी सांगितली जाते.

बांधणारे कोहळी समाजाचे. गोंड राजांच्या आश्रयानं त्यांनी हा मुलूख तलावांनी भरून टाकला. अठराव्या शतकातला नवेगाव बांध तलाव कोलू पाटील कोहळींच्या नावानं ओळखला जातो. १९९९ साली जिल्हा विभागला गेला आणि हा तलाव गोंदियाकडे गेला. इंग्रजी अमलात गावासोबत तलावही मालगुजाराचे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या गावमालकाचे, झाले. पाळीखाली पाट क्वचितच असत. वरची बांधी भरली की धुरा फोडून पाणी खालच्या बांधीत सोडायचं. म्हणजे क्रम ठरवणार जमिनीचा उतार! त्याच्याशी वाद घालता येत नाही, हा फायदा. पण शेवटच्या बांधीचं धान वाळत असलं तरी वरच्या सगळ्या भरेपर्यंत तिथं ताटकळणंच आलं.

वाट एक आणि मागणारे अनेक, हाच पेच आज संगणकातल्या सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये सापडतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारं डोकं सरकायचं, म्हणून त्याच्या वाटेवरच्या मागण्या आधी उरकल्या जात. एसएसडीत सरकणारं काहीच नाही. मात्र तिथं वाचन मायक्रोसेकंदांत होतं, तर जुनी माहिती पुसायला काही मिलिसेकंद लागतात, आणि पुसायचा तो अख्खा ठोकळाच. या पुसण्यामागे छोटंसं वाचन अडकलं की सगळंच रेंगाळतं. म्हणून लिनक्सच्या ‘डेडलाइन’सारख्या पद्धतीत वाचनाला पुढं काढतात आणि लिहिण्यालाही मुदत ठरवून देतात, नाहीतर त्याची पाळी यायचीच नाही. चिप तीच राहते, काम लवकर होतं.

भंडाऱ्यात तलावांचा मालक बदलला तो ३१ मार्च १९५१ रोजी. मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’चे लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ झाले. पुढे शंभर हेक्टरपर्यंतचे जिल्हा परिषदेकडे आले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. महाराष्ट्रातल्या कालव्यांवरची रीत शेजपाळीची: हंगामाआधी नमुना नंबर ७ वर अर्ज करायचा, अर्जांवरून याद्या होतात आणि पाणी शेवटच्या टोकापासून वर देत यायचं. उताराचा न्याय इथं पार उलटा होतो. कल्पना शहाणपणाची खरी, पण तिला पाट लागतो. जिथं पाणी एका बांधीतून दुसरीत उतरतं, तिथं वरच्याला ओलांडून ते खाली न्यायचं कसं?

शिवाय एक मागणी पाणी सोडू नका अशीही असते. ढिवरांच्या सहकारी संस्था मासेमारीसाठी तलाव ठेक्यानं घेतात आणि मासा वाढायला तलावात पाणी राहावं लागतं. नमुना नंबर ७ मात्र फक्त सिंचनाचा आहे.