उपनगरांतील माहितीचा अर्ज : टेबलापासून पोर्टलपर्यंत

मुंबईच्या उपनगरांत सरकारी कागद पाहण्याची गरज बहुधा इमारतीपासून सुरू होते. अंधेरीत भोगवटा प्रमाणपत्राविना राहणारी सोसायटी, बोरिवलीत नाल्याकाठी वाढलेले गाळे, मुलुंडमध्ये पुन्हा पुन्हा उखडला जाणारा पदपथ, घाटकोपरच्या डोंगरउतारावरची संरक्षक भिंत, अशा प्रत्येक गोष्टीमागे एक फाइल असते. ती एकाच ठिकाणी सापडेल याची मात्र खात्री नसते. अंधेरी-घाटकोपरचा पट्टा 1950 मध्ये आणि दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग 1957 मध्ये बृहन्मुंबईत आला. 1 ऑक्टोबर 1990 रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे एकाच भूखंडाचे कागद विभाग कार्यालय, इमारत प्रस्ताव विभाग, नगर भूमापन कार्यालय आणि वांद्र्याचे जिल्हाधिकारी कार्यालय यांत विखुरलेले असतात. झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना असेल तर आणखी एक प्राधिकरण वाढते.

हे कागद नागरिकाला दाखवलेच पाहिजेत, असे म्हणणारा कायदा दीर्घकाळ नव्हता. उलट 1923 चा शासकीय गुपिते कायदा होता. या परिस्थितीला पहिला महत्त्वाचा छेद न्यायालयातून गेला. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप या संस्थेने पुणे कटक मंडळाकडील बांधकाम परवानग्यांचे कागद पाहू द्यावेत म्हणून दाद मागितली आणि 1986 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला. उपनगरांतली सुरुवात याहून साधी, कचऱ्यातून झाली. घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात महापालिकेशी मिळून गल्लीची व्यवस्था हाती घेतली आणि त्यातून एएलएम, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापन, ही पद्धत शहरभर पसरली. कचऱ्याची गाडी किती वाजता येते हे विचारणाऱ्याला पुढे कंत्राटाच्या अटीही विचाराव्या लागतात. प्रजा फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेने महापालिकेसोबत 1999 मध्ये नागरिकांची सनद तयार केली आणि 2003 मध्ये ऑनलाइन तक्रार नोंदवण्याची यंत्रणा उभी केली. सरकारी कामाचा माग संगणकावर ठेवण्याची सवय मुंबईकराला माहितीच्या अर्जाआधी तक्रारीने लावली, असे म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्राने 2000 साली केलेला माहितीचा कायदा अपवादांनी इतका भरलेला होता की तो बदलावा लागला. 2002 मध्ये अध्यादेश निघाला, अण्णा हजारे यांनी आझाद मैदानात उपोषण केले आणि ऑगस्ट 2003 मध्ये नव्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. मुंबईचे कार्यकर्ते शैलेश गांधी यांनी याच कायद्याच्या आधारे पोलिसांच्या बदल्यांसाठी आलेल्या राजकीय शिफारशींची माहिती मागितली. पुढे 2008 ते 2012 या काळात ते केंद्रीय माहिती आयुक्त होते. 12 ऑक्टोबर 2005 पासून जम्मू-काश्मीर वगळता देशभर केंद्राचा कायदा लागू झाला.

अर्जाचे रूप तेव्हापासून फारसे बदललेले नाही. जोडपत्र ‘अ’ चा नमुना, त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का. के पश्चिम, आर मध्य, टी किंवा एन विभागाच्या कार्यालयात तो दिला की 30 दिवस मोजायला सुरुवात होते. प्रत पानाला दोन रुपये. पहिले अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे, दुसरे राज्य माहिती आयोगाच्या बृहन्मुंबई खंडपीठाकडे. अनधिकृत बांधकामावर महापालिका अधिनियमाच्या कलम 354 (अ) खाली नोटीस निघाली का, एवढेच विचारायचे असले तरी अर्ज कलम 6(3) अन्वये दुसऱ्या खात्याकडे ‘हस्तांतरित’ होऊ शकतो. वर सांगितलेले दप्तरांचे विखुरलेपण येथे अर्जदाराच्या वाट्याला येते. त्यात 2012 मध्ये राज्याने नियम केला, की अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांचा असावा. एका इमारतीसाठी चार अर्ज, हा त्याचा सरळ परिणाम.

या पद्धतीची खरी उणीव उत्तर मिळाल्यानंतर दिसते. उत्तर अर्जदाराच्या घरी टपालाने जाते आणि त्याच्या कपाटात राहते. शेजारच्या सोसायटीने तेच विचारले, तर तोच कारकून तीच फाइल पुन्हा काढतो. ब्रिटनमध्ये मायसोसायटी या संस्थेने 2008 मध्ये यावर उपाय काढला : अर्ज संकेतस्थळावरून पाठवायचा आणि खात्याचे उत्तर तेथेच सर्वांसमोर उमटायचे. अमेरिकेत 2010 मध्ये याच धर्तीचे मकरॉक हे संकेतस्थळ सुरू झाले. मायसोसायटीच्या प्रणालीचे नाव अलावेतेली. ते फिनलंडमधल्या एका गावाचे. 1766 च्या स्वीडिश मुद्रण स्वातंत्र्य कायद्यासाठी झटलेले आंदेर्स शिदेनियस तेथे धर्मगुरू होते.

भारतात सरकारी पोर्टल आले, पण ते खिडकीची जागा घेणारे. केंद्राचे पोर्टल ऑगस्ट 2013 मध्ये खुले झाले, त्यानंतर महाराष्ट्राचे. दोन्हींकडे अर्ज आणि शुल्क ऑनलाइन भरता येते. उत्तर मात्र ज्याचे त्यालाच दिसते. उपनगरी माणसाला दोन्ही पोर्टले लागतात, कारण बोरिवली स्थानकाचा पूल रेल्वेचा, म्हणजे केंद्राचा आणि तेथे शब्दमर्यादा 500. पुलाखालचा रस्ता महापालिकेचा आणि तेथे 150. केंद्राने 2014 मध्ये आपल्या खात्यांना माहिती अर्जांची उत्तरे संकेतस्थळावर टाकायला सांगितले. ती सूचना विभाग कार्यालयाला लागू नव्हती.

वास्तविक कायद्याच्या कलम 4 मध्येच याचे उत्तर होते. प्रत्येक प्राधिकरणाने 17 प्रकारची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी आणि लोकांना अर्ज करण्याची वेळ कमीत कमी यावी, असे ते म्हणते. मुंबईत भास्कर प्रभू यांच्या माहिती अधिकार मंचाने याच कलमाचा पाठपुरावा केला. प्रजाने वेगळा मार्ग धरला : नागरी तक्रारी, आरोग्य, पोलीस, नगरसेवकांचे प्रश्न यांची आकडेवारी अर्जांतून मिळवायची आणि दरवर्षी अहवाल म्हणून सर्वांपुढे ठेवायची. सुटी उत्तरे एकत्र आली की काय घडते, ते या अहवालांत दिसते.

कागद एकदम सगळ्यांच्या हाती पडल्याचा सर्वांत ठळक प्रसंग 2015 चा आहे. मुंबईच्या विकास आराखडा 2034 चा मसुदा फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला आणि लोक नकाशांत आपापली गल्ली शोधू लागले. उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते सापडले, आरे वसाहतीची जमीन विकासासाठी खुली केल्याचे दिसले. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी मसुदा नव्याने करण्याचा आदेश दिला. एकेकट्या अर्जाने हे साधले नसते.

उघडेपणाला धोक्याची बाजूही आहे. कालिना येथे अनधिकृत बांधकामांविरुद्ध माहिती अधिकार वापरणारे भूपेंद्र वीरा यांची 15 ऑक्टोबर 2016 रोजी गोळ्या घालून हत्या झाली. अर्जदाराने पत्त्याऐवजी टपालपेटीचा क्रमांक दिला तरी चालावे, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने 2013 मध्येच म्हटले होते. त्यामुळे उत्तरे जाहीर करताना अर्जदाराचे नाव झाकणे गरजेचे ठरते. खासगी माहितीचा आधार मात्र अधिकारीही घेतात : गिरीश देशपांडे प्रकरणातील 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वैयक्तिक माहितीला अपवाद ठरवणाऱ्या कलम 8(1)(ञ) खाली नकार देणे सोपे झाले आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्या कलमातील सार्वजनिक हिताची अटच काढून टाकण्याची तरतूद केली.

नकारावर दाद मागायची तर रांग मोठी; 2024 च्या मध्याला राज्य आयोगापुढे एक लाखाहून अधिक अपिले आणि तक्रारी पडून होत्या. तुलनेने जलद वाटा अर्जाबाहेरच्या आहेत. मे 2017 पासून महारेरा या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर विकासकाला मंजुऱ्या, नकाशे आणि चालू खटले स्वतः टाकावे लागतात, त्यामुळे मुलुंड-अंधेरीतला घर घेणारा ते अर्जाविना पाहतो. त्याआधी पूर्ण झालेल्या इमारती यात येत नाहीत. त्यांच्यासाठी 2018 च्या शासन परिपत्रकाची सोय आहे : स्थानिक स्वराज्य संस्था आणि जिल्हा पातळीवरील कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 अभिलेख पाहायला मिळावेत. ही पद्धत पुणे महापालिकेत आधीपासून होती.