अंदलुसी पाककला आणि मुर्री

इबेरियन द्वीपकल्पाच्या मुस्लिम अमलाखालील प्रदेशाला अरबी लेखक अल्-अंदलुस म्हणत, आणि तेथील स्वयंपाकाची सविस्तर माहिती मुख्यतः तेराव्या शतकातील दोन पाकग्रंथांतून मिळते. एकाचा कर्ता अज्ञात आहे. दुसरा ‘फदालत अल्-खिवान’ हा ग्रंथ मुर्सिया येथे १२२७ मध्ये जन्मलेल्या इब्न रझीन अत्-तुजीबी याचा. १२३६ मध्ये कोर्दोबा आणि १२४८ मध्ये सेव्हिल कास्तीलच्या ख्रिस्ती राज्याकडे गेले. त्याच सुमारास मायभूमी सोडलेल्या इब्न रझीनने हा ग्रंथ ट्युनिसमध्ये लिहिला. पूर्वेकडील पाककलेपेक्षा अंदलुसी पाककला सरस, हा त्याचा आग्रह म्हणूनच केवळ प्रांताभिमानाचा वाटत नाही.

या पाककलेचा प्राण म्हणजे मुर्री. जवाच्या पिठाचा गोळा मळून, अंजिराच्या पानांत गुंडाळून त्याला बुरशी धरेपर्यंत अनेक आठवडे ठेवत, मग तो कुटून मिठाच्या पाण्यात मिसळत आणि भांडे उन्हात मुरत ठेवून अखेरीस गाळून काळपट, खारट अर्क काढत. आजच्या वाचकाला सोया सॉसची आठवण व्हावी असा हा पदार्थ मांसाच्या रश्शात, भाज्यांत, माशांवर सर्रास पडे. ज्यांना इतका धीर नव्हता त्यांच्यासाठी करपवलेली भाकरी आणि मध वापरून केलेली झटपट नक्कलही पाकग्रंथांत नोंदलेली आहे; सोयीचा मोह काही आजचा नाही.

अरबांनी पश्चिमेकडे नेलेल्या पिकांपैकी काहींचा माग भारतापर्यंत पोहोचतो: संस्कृत ‘शर्करा’ फारसी-अरबीमार्गे स्पॅनिशमध्ये ‘आसुकार’ झाली आणि ‘नारंग’ ‘नारांखा’ झाले. मराठीतील साखर आणि नारिंग हे त्यांचे सख्खे भाऊबंद होत.

१४९२ मध्ये ग्रानादा हे अल्-अंदलुसमधील अखेरचे मुस्लिम राज्य पडल्यावर बाप्तिस्मा घ्यावा लागलेल्या मुस्लिमांना, म्हणजे मोरिस्कोंना, ताटावरूनही ओळखले जाऊ लागले: डुकराचे मांस टाळणे किंवा कुसकुस (गव्हाच्या रव्याचे वाफवलेले कण) खाणे हे इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, लेखी संशयाचे कारण ठरे. मुर्री स्पॅनिश स्वयंपाकातून नाहीशी झाली. मात्र मांसाच्या गोळ्यांचे ‘अल्बोंदिगा’ हे अरबी वळणाचे नाव टिकले, आणि चीज घालून तळलेली ‘मुजब्बना’ ‘अल्मोखाबाना’ होऊन अटलांटिकपलीकडे गेली. कोलंबियात या नावाने आज मिळते ती मात्र भट्टीत भाजलेली, मक्याच्या पिठाची चीजभाकरी.