मागील आसाचे गुणोत्तर बदलणे (मोटारगाडी)
मागच्या चाकांना चालना देणाऱ्या मोटारीतील क्राउन-पिनियनची (मागील आसातील मोठ्या व लहान दातेरी चाकांची) जोडी बदलून गाडी चपळ करण्याची पद्धत. पुण्यात १९९५ पासून जुळणी झालेली मर्सिडीज-बेंझ डब्ल्यू १२४ ही अशा रचनेची जुनी आलिशान गाडी. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे गुणोत्तर. ते ३.०७ वरून ३.४६ केल्यास त्याच गिअरमध्ये चाकांवरील पीळ सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. मात्र इंजिनाची ताकद तेवढीच राहते. पूर्वी ताशी १०० किमी वेगाला मिनिटाला २,७०० फेरे घेणारे इंजिन आता सुमारे ३,०४० घेते. आवाज आणि पेट्रोलचा खर्च वाढतो. गिअरबॉक्सवरून चालणारा वेगमापक प्रत्यक्षाहून जास्त वेग दाखवू लागतो.

क्राउन व पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असल्याने जोडीनेच बदलतात. दातांना रंग लावून, फिरवून, ठसा मधोमध उमटेपर्यंत शिम (पातळ चकत्या) कमीजास्त करतात. येथे घाई केली तर आस कायमचा घुमतो.

मुंबई-नाशिक रस्त्यावर उंबरमाळीवरून कसारा घाटाकडे जाताना मोठ्या गिअरमध्ये गुणोत्तर बदलल्याचा फरक जाणवतो. तथापि निव्वळ घाटासाठी हा खर्च अनाठायी. एक गिअर खाली टाकला तरी काम भागते.