सरहद्दीवरील मेंढपाळांची श्वानपरिभाषा

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सरहद्दीवर चेव्हियट नावाची जी उघडीबोडकी डोंगररांग पसरली आहे, तेथील मेंढपाळाला हट्टी कुत्र्याचे वावडे कधीच नव्हते. किंबहुना धनी दृष्टीआड होताच ज्याची अक्कल थिजते असे निव्वळ हुकुमाचे ताबेदार जनावर त्याच्या लेखी दोन वेळच्या अन्नाच्याही लायकीचे नव्हते. शहरवासी ज्याला सरसकट हट्ट म्हणून मोकळा होतो, त्याचे या अल्पशिक्षित माणसांनी केलेले पृथक्करण एखाद्या नैयायिकाला शोभावे इतके सूक्ष्म आहे.

आपल्याकडील धनगराचे कुत्रे मुख्यतः राखणीचे; लांडग्याच्या अंगावर जाणे हे त्याचे कर्तव्य. इंग्लंडात मात्र लांडगा फार पूर्वीच नामशेष झाला होता, आणि म्हणूनच तेथील मेंढपाळाच्या कुत्र्याला धिप्पाड देहाची गरज उरली नाही, असे निरीक्षण राजवैद्य जॉन कीझ यांनी १५७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन प्रबंधात नोंदवून ठेवले आहे. राखणीची चाकरी संपून वळणीची सुरू झाली, आणि वळणीच्या चाकरीत धन्याची शीळ व कुत्र्याचा स्वभाव यांच्यामधील तंट्याला शब्द लागले.

स्कॉट बोलीतील ‘थ्रॉन’ हा त्यांपैकी सर्वांत खमंग. त्याचा मूळ अर्थ पिळलेला, वाकडा, त्यावरून आडमुठा. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही असे म्हणणाऱ्या आपल्या लोकांना तो वेगळा समजावून सांगावा लागू नये. शिक्षेने न नमणारा, मेंढरांशी दांडगाईने वागणारा कुत्रा ‘हार्ड’. अडून उभ्या राहिलेल्या मेंढ्यासमोर पाऊल मागे न घेणाऱ्याच्या अंगी ‘पॉवर’. परंतु या परिभाषेचा खरा गाभा म्हणजे ‘आय’. अंग जमिनीसरसे करून, मान खाली घालून, मेंढरांवर रोखलेली ती शिकारी पूर्वजांकडून आलेली नजर! ती बेताची असेल तर मेंढरे निमूट चालतात. अतिरिक्त झाली तर कुत्रा स्वतःच्याच नजरेने जागी खिळतो, शीळ ऐकू येऊनही हलत नाही. अशाला ‘स्टिकी’ म्हणतात, आणि जाणता मेंढपाळ त्याला मारीत नाही, कारण येथे अवज्ञा नसून समाधी आहे हे तो ओळखतो.

या परिभाषेचे मोल नॉर्थंबरलंडच्या ॲडम टेल्फर यांच्याकडे १८९३ मध्ये जन्मलेल्या ‘ओल्ड हेम्प’ नावाच्या कुत्र्याच्या वंशावळीत दिसते. त्याचा बाप रॉय मनमोकळा, पण नजरेने सैल. आई मेग लाजाळू आणि नजर इतकी जबर की मेंढरांआधी ती स्वतःच भारली जाई. दोन दोषांच्या या विवाहातून जे अपत्य निपजले त्याची दोनशेहून अधिक पिले झाली, आणि आजच्या बहुतेक बॉर्डर कोली जातीच्या मेंढपाळी कुत्र्यांचे मूळ त्याच्यापर्यंत पोहोचते.

ही बोली दऱ्याखोऱ्यांतून दफ्तरात आली ती मेंढपाळी कुत्र्यांच्या स्पर्धांमुळे. ९ ऑक्टोबर १८७३ रोजी वेल्समधील बाला येथे रिवलासचे जमीनदार लॉइड प्राइस यांनी भरवलेल्या स्पर्धेत पारितोषिक पटकावले ते ‘ट्वीड’ नावाच्या स्कॉटिश पैदाशीच्या कुत्र्याने, ही वेल्श यजमानांना थोडी झोंबणारीच गोष्ट. पुढे १९०६ मध्ये इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटी स्थापन झाली. कळपाला डावीकडून वळसा घालण्यास ‘कम बाय’, उजवीकडून घालण्यास ‘अवे’, काम थांबवण्यास ‘दॅट्ल डू’ हे हुकूम सर्वत्र रूढ झाले. स्पर्धेने भाषेला शिस्त लावली खरी. परंतु धन्याला न दिसणारी, घळीत अडकलेली मेंढी पाहून शीळ धुडकावणारा डोंगरावरचा शहाणा कुत्रा पंचांच्या वहीत गुन्हेगार ठरू लागला, हा त्या शिस्तीचा मला न रुचणारा भाग.

त्यातल्या त्यात न्याय आहे तो आंतरराष्ट्रीय अंतिम फेरीत. तेथे कुत्र्याने दहा मेंढरे आणायची, आणि ती हाताशी आली असतानाच ‘लुक बॅक’ हा हुकूम मिळताच ती तशीच सोडून, पाठ फिरवून, दूर राहिलेली दुसरी दहा आणण्यास निघायचे. नजरेने चिकट कुत्रे नेमके या ठिकाणी अडते. हाती आलेला कळप सोडवत नाही, आणि धन्याची शीळ माळावर कितीही घुमली तरी ते तसूभर हलत नाही.